तळमजल्याचा चालू भाव

एकोणीस वर्षं तो परक्यांच्या घरांत हक्काने शिरत आला होता. दार वाजवायचं, "मीटर" म्हणायचं, की आतली कडी निघायची. कुणाचं मीटर स्वयंपाकघरात फडताळामागे, कुणाचं जिन्याखाली सायकलींच्या आड, कुणाचं थेट न्हाणीघराच्या दारावर. तो विजेरी दातांत धरायचा, आकडे टिपायचा, कुणी पाणी विचारलं तर उभ्याउभ्याच प्यायचा आणि पुढच्या दाराला लागायचा. लोक त्याला मीटरदादा म्हणत. खरं नाव छातीवरच्या बिल्ल्यावर छापलेलं होतं, पण बिल्ला वाचायची तसदी आजवर कुणी घेतली नव्हती.

त्याचं स्वतःचं म्हणाल तर दोन खोल्या, त्याही भाड्याच्या. तळमजल्यावर तो, बायको आणि वडील. वरच्या मजल्यावर घरमालकीण. घरमालकीण म्हणजे निवृत्त शिक्षिका. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. अकरा वर्षांपूर्वी तो खोल्या बघायला आला तेव्हा बाईंनी एकच प्रश्न विचारला होता, "आवाज करता का?" तो "नाही" म्हणाला, आणि तेवढ्यावर व्यवहार ठरला. पुढे दरवर्षी तोच आपणहून दोन-तीनशे वाढवून द्यायचा. बाई पाकीट न उघडताच कपाटात टाकायच्या. असं करत करत भाडं साडेआठ हजारांवर आलं होतं.

वडील रंगारी. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या भिंती उजळवल्या. तीन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, जीभ वाचली, पाय मात्र गेले ते गेलेच. तळमजला होता म्हणून निभावलं. सकाळी सून त्यांना खुर्चीसकट ओढत दाराबाहेरच्या फरशीवर आणून ठेवायची, आणि मग येणारा-जाणारा प्रत्येक माणूस म्हाताऱ्याच्या तावडीतून दोन मिनिटं थांबल्याशिवाय सुटायचा नाही. सून जवळच्याच हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती. चादरी, गाउन, पडदे. दुपारच्या सुट्टीत ती दहा मिनिटांत घरी यायची, सासऱ्यांना जेवायला घालायची, कूस बदलून द्यायची आणि परत पळायची. घराची सगळी घडी त्या दहा मिनिटांवर बसली होती.

मग एक दिवस बाई जिन्यात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, बाई घरी आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचा पुतण्या आला. दुसऱ्या शहरात मोठ्या नोकरीवर असलेला, बोलायला गोड. येताना फळं आणली, वडिलांच्या तब्येतीची चौकशी केली, आणि मग खिशातून काडेपेटीएवढं एक यंत्र काढून खोल्यांची मापं घ्यायला लागला. यंत्राचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडायचा आणि लांबी आपोआप कळायची.

"सहज घेतोय हं," तो म्हणाला.

तो गेल्यावर वडील खुर्चीतून म्हणाले, "ज्याला राहायचं असतं तो रंग बघतो. ज्याला विकायचं असतं तो मापं घेतो. लेका, घर बघायला लाग."

त्या दिवसापासून मीटरदादा घरांचे भाव विचारायला लागला.

त्याला आधी वाटलं, आपल्याइतकं हे काम सोपं कुणालाच नाही. रोजची साठ-सत्तर दारं पायाखालची. त्याने एक कोरी वही घेतली, रेघा मारल्या: गल्ली, मजला, खोल्या, पाणी, अनामत, भाडं. रीडिंग घेता घेता तो हळूच विचारायचा, "काय हो, इकडे भाडं काय चाललंय?" पहिल्या आठवड्यातच त्याच्या लक्षात आलं की मीटर खोटं बोलत नाही, पण माणूस घराबाबत खरं बोलत नाही. भाडेकरू लाजेखातर कमी सांगायचा, मालक तोऱ्यात जास्त. एकाच जिन्यातल्या सारख्याच दोन घरांचे आकडे पाच हजारांच्या अंतराने यायचे. जाहिरातीत 'हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावर' असायचं. हाक मारणाऱ्याला बस बदलावी लागायची.

पण तो चिकाटीचा माणूस. त्याने पद्धत बसवली. जाहिरातीतला आकडा एका रंगाने, दलालाने सांगितलेला दुसऱ्या रंगाने, आणि प्रत्यक्ष राहायला आलेल्याने दोन-तीन महिन्यांनी, ओळख झाल्यावर सांगितलेला पेन्सिलीने. पेन्सिलीचा आकडा तेवढा खरा धरायचा. पाच महिन्यांत वही भरत आली, आणि चित्र स्वच्छ दिसायला लागलं. त्या भागात दोन खोल्या, तळमजला, पाण्याची सोय, म्हणजे अठरा हजार. कमीत कमी. त्या दोघांच्या पगारात औषधं वजा जाता तेरा हजारांपर्यंत मजल जात होती, आणि तेही घास मोजून.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," बायको वही मिटत म्हणाली.

"माझा तर पाय पसरायचाही प्रश्न नाही," वडील म्हणाले. "मला नुसतं अंथरूण पुरेल. तेवढ्याचा भाव काढ."

तिघंही हसले.

वही करताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती त्याच्या मनाला फार लागली. शून्य. महिनोन्महिने मीटर हलत नाही अशी घरं. पूर्वी तो 'घर बंद' असा शेरा मारून पुढे जायचा. आता मोजायला लागला, तर त्याच्या एकट्याच्या हद्दीत एक्केचाळीस घरं निघाली. चांगली, पक्की, कुलूप लावलेली. त्यातलं एक तर हॉस्पिटलच्या मागच्याच रस्त्यावर, तळमजल्यावर, दोन खोल्या. मालक कोपऱ्यावरचा औषधवाला. वडिलांची औषधं त्याच्याचकडून यायची.

दोन दिवस त्याने हे मनात घोळवलं, तिसऱ्या दिवशी दुकानात गेला. गिऱ्हाईक नाही असं बघून म्हणाला, "साहेब, तुमची ती मागची जागा भाड्याने द्याल का? तेरा हजार वेळच्या वेळी देईन. भिंतीला खिळासुद्धा मारणार नाही."

औषधवाला चांगला माणूस. त्याने डबा पुसता पुसता शांतपणे सांगितलं, "दादा, तुम्हाला नाही म्हणायला जिवावर येतं. पण भाड्याने दिलं की घर जुनं होतं. रिकामं ठेवलं तर नवंच राहतं, आणि भाव वाढायचा तो वाढतोच. मला बसल्या जागी मिळतंय, मग डोक्याला ताप कशाला?"

"पण साहेब, पाच वर्षं झाली…"

औषधवाल्याचा हात थांबला. "पाच वर्षं रिकामं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मीटरदादाच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या नोकरीमुळे हे कळलं होतं, तीच नोकरी या एका वाक्याने जाऊ शकत होती. "असंच… दाराला कुलूप दिसतं," तो म्हणाला.

"कुलूप तर कामावर जाणारेही लावतात," औषधवाला म्हणाला. आवाज चढवला नाही, तक्रारही केली नाही. पण पुढच्या महिन्यात वडिलांच्या औषधांवरची सवलत बंद झाली, आणि मीटरदादाला ती मागायचा धीर झाला नाही.

घर पाहावं बांधून म्हणतात. ज्याने म्हटलं त्याने भाड्याने घर कधी शोधलं नसावं.

एकदाच जमता जमता राहिलं. दलालाने सकाळी फोन केला: तळमजला, दोन खोल्या, चौदा हजार, ताबडतोब या. नवराबायको दोघंही अर्धा दिवस रजा टाकून धावले. दारात आधीच तीन बिऱ्हाडं उभी. आत ताजा पांढरा रंग, इतका ताजा की डोळे चुरचुरत होते. वडिलांनी निघताना बजावलं होतं, "भिंतीला रंग नवा दिसला तर नाक लाव. मालकाला विचारू नकोस, भिंतीला विचार." त्याने मागच्या भिंतीला नाक लावलं. कुबट, गार वास. बोट दाबलं तर पोपडा फुगून आला. नळ सोडून ठेवावा तशी ओल आत मुरलेली.

"ओल आहे," तो बायकोच्या कानात म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली. "पलंग मधोमध ठेवू. पंखा लावू. घ्या म्हणते मी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ही बाई दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी उकळत्या पाण्यातून काढायची. स्वच्छतेच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. ती ओलीला 'असू दे' म्हणत होती. तो दलालाकडे वळला. "घेतो. चौदा."

मागून एक तरुण जोडपं म्हणालं, "आम्ही पंधरा देतो."

दलालाने भुवया वर केल्या, जणू हे त्यालाही अगदी अनपेक्षित होतं. तिसऱ्या बिऱ्हाडातला चष्मेवाला गृहस्थ भिंतीकडे न बघताच म्हणाला, "साडेसोळा. अनामत आजच्या आज." वीस मिनिटांत ती ओल अडीच हजारांनी महाग झाली.

घरी आल्यावर वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "ओलीचे वेगळे पैसे नाही लावले हेच नशीब," ते म्हणाले. मग जरा वेळाने, दुसऱ्याच आवाजात, "मी नसतो तर तुम्हाला कुठलाही मजला चालला असता."

"बाबा, उगाच काहीतरी बोलू नका," सून म्हणाली आणि ताट वाढायला आत गेली. ताट वाढायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

त्याच आठवड्यात बाईंनी वरून निरोप धाडला, "संध्याकाळी येऊन जा. तुझी ती वही घेऊन ये."

वहीची बातमी वर पोहोचायची राहते थोडीच? एव्हाना निम्मी गल्ली त्याला रस्त्यात अडवून भाव विचारायची. मुलीचं लग्न ठरलेला टेलर, दुकान हलवणारा न्हावी, सगळे त्याचंच मत घेत. लोकांना घरं मिळत होती त्याच्या वहीवरून.

बायकोला निरोप सांगताच, बाई भावच विचारणार हे ओळखून ती म्हणाली, "सांगा, मला काही माहीत नाही."

"कोण विश्वास ठेवेल?"

"मग चौदा सांगा. मी रात्रपाळीचे जादा तास घेईन, चौदाला आपण कसंबसं पुरे पडू. खोटं नाही हो ते. चौदाची घरंही आहेतच की."

"आहेत. ओल असलेली."

"मग ओल धरून सांगा!" तिचा आवाज चिरकला. "जन्मभर खरं बोलून कुठला बंगला बांधलात?"

तो जिना चढला तेव्हा डोक्यात चौदाच होतं. प्रत्येक पायरीला तो मनात म्हणत होता, चौदा, चौदा.

बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. पलीकडे चार पायांची काठी. पुढ्यात एक कागद, त्यावर शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात मांडलेली बेरीज-वजाबाकी.

"बस," त्या म्हणाल्या. "पुतण्या म्हणतो घर विकू आणि तुला चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू. जाऊन पाहून आले मी. चांगलं आहे. खिडक्या उघडत नाहीत, पण चांगलं आहे." त्या थोडं थांबल्या. "मला इथून जायचं नाही रे. पण एकटीने राहायचं तर दिवसरात्र बाई ठेवावी लागणार. ती सोळा मागते. माझं पेन्शन खाण्या-औषधात संपतं. म्हणजे हे सोळा खालच्या खोल्यांमधून निघाले पाहिजेत. पुतण्याने आणलेला दलाल म्हणतो, त्या खोल्यांना तेराचौदाच्या वर कुत्रं विचारणार नाही. त्याला विकण्यात रस, तो तसंच म्हणणार. म्हणून तुला बोलावलं. तू पाच महिने हिंडतो आहेस. तू खरं सांग, चालू भाव काय?"

मीटरदादा कागदाकडे बघत राहिला. त्याला आकडे वाचायची सवय. हे गणित त्याला क्षणात वाचता आलं. चौदा सांगितले तर बाईंचे सोळा बसत नाहीत. बाई जातात, घर विकलं जातं, आणि आपणही रस्त्यावर. अठरा सांगितले तर बाई राहतात आणि आपण रस्त्यावर. इकडे आड, तिकडे विहीर असती तरी एक वेळ बरं; इथे दोन्हीकडे एकच विहीर होती. प्रश्न एवढाच उरला होता की आपल्याबरोबर बाईंना आत ओढायचं की नाही.

"अठरा," तो म्हणाला. "सहज मिळतील. तळमजला आहे, हॉस्पिटल जवळ आहे. मालक ताठ राहिला तर एकोणीस."

बाईंनी कागदावर अठरा लिहिले. सोळा वजा केले. दोन उरले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि लगेच, समोर कोण बसलंय हे लक्षात आल्यासारखा, मिटला.

"आणि तू किती देतोस?"

"साडेआठ."

"इतकं अंतर?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"पक्कं आत्ता कळलं. अंदाज… बरीच वर्षं होता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, बाई."

उत्तर खरं होतं. पण तोंडातून बाहेर पडल्यावर ते इतकं हलकट वाटलं की त्याने मान खाली घातली. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत.

"अठरा तू देऊ शकशील?" त्यांनी विचारलं.

"तेरा. फार ओढून चौदा."

"चौदात सोळा कसे बसवू रे?" बाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला, जणू त्यात कुठे चूक असली तर तो शोधून देईल. "तू बघ. तुझं गणित आता माझ्याहून पक्कं झालंय."

त्याने खरंच बघितलं. वरून खाली, खालून वर. दोन वेळा. कुठेही चूक नव्हती.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

बाईंनी त्याला तीन महिन्यांची मुदत दिली आणि त्या तीन महिन्यांचं भाडं घेणार नाही म्हणाल्या. त्याने भाडं दिलं. त्यावरून जिन्यात पाकिटाची थोडी ओढाताण झाली. शेवटी बाईंना उभं राहवेना म्हणून त्या हरल्या.

खाली येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "मला माहीतच होतं तुम्ही अठरा सांगणार," आणि भाजी चिरत राहिली.

मुदत संपायला आठ दिवस असताना घर मिळालं. गावाच्या टोकाला, साडेबारा हजार, तिसरा मजला, लिफ्ट नाही. लिफ्टची जागा तेवढी बांधून ठेवलेली होती. तिच्यात रहिवाशांनी मोडक्या खुर्च्या टाकल्या होत्या. वडिलांना न्यायला चार जण लागले: तो, टेलर, न्हावी आणि सामानाच्या गाडीचा चालक. खुर्चीला दोर बांधून एकेक मजला चढवला. दुसऱ्या मजल्यावर सगळे धापा टाकत थांबले तेव्हा वडील म्हणाले, "बाबांनो, भाव चढताना पाहिले होते. आज माझाच चढला." टेलरला हसताना इतका ठसका लागला की खुर्ची टेकवावी लागली. त्यानंतर म्हातारा खाली उतरलाच नाही. उतरवायला पुन्हा चार माणसं रोज कुठून आणायची?

बायकोला आता दोन बस लागतात. दुपारी येणं नाही. सकाळी ती डबा, पाण्याची बाटली आणि औषधं हाताशी मांडून जाते, आणि संध्याकाळी येईपर्यंत म्हातारा एका कुशीवर असतो. महिन्याभरात त्या कुशीला जखम झाली. ती रोज धुते, मलम लावते. मीटरदादाने बदली मागितली आहे. वरिष्ठांनी अर्ज ठेवून घेतला आहे.

मागच्या रविवारी बाई आल्या. फोन न करता, टॅक्सीने, सांभाळणाऱ्या बाईला बरोबर घेऊन. खालून हाक आली म्हणून मीटरदादा धावत गेला. बाई काठीवर भार देऊन उभ्या होत्या, हातात केळी. त्यांनी जिन्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती पायऱ्या?"

"चोपन्न."

त्या काठी टेकत मागे, रस्त्याच्या कडेला सरकल्या. तो वर गेला, वडिलांची खुर्ची ओढत गॅलरीच्या कठड्याशी आणली. वरून म्हातारा, खालून म्हातारी. दोघांनी हात हलवले.

"काय म्हणतायत?" वडिलांनी विचारलं. ऐकू येत नव्हतं. रस्त्यावर गाड्या होत्या.

मीटरदादा खाली गेला. बाई म्हणाल्या, "त्यांना विचार, तब्येत कशी आहे."

तो वर गेला. वडील म्हणाले, "सांग, ठणठणीत. आणि विचार, नवे भाडेकरू कसे आहेत."

तो खाली गेला. "आवाज करतात," बाई म्हणाल्या. "पण हे त्यांना सांगू नकोस. चांगले आहेत म्हणून सांग."

असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी बाईंनी दिलेली केळी घेऊन चढताना तो पहिल्या मजल्यावरच कठड्याला धरून बसला. छाती भात्यासारखी हलत होती. टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. वरून वडिलांची हाक आली, "काय रे, काय म्हणाल्या?" आणि त्याच वेळी खालून बाईंची, "अरे, दिलीस का केळी?"

केळी त्याच्या हातातच होती. तो उठला आणि पुन्हा चढायला लागला.